थंड आणि कोरडी जागा

हौसाकाकी दूध घेऊन आली की मागच्या दारी आधी वास यायचा आणि मागून ती. गोठ्याचा, धुराचा आणि नुकत्या काढलेल्या दुधाचा मिळून तो एकच वास होता. माझं चहाचं आधण तेव्हा उकळायला आलेलं असायचं. ती कधी बसली नाही. एक पाय पायरीवर, एक अंगणात, कमरेवर किटली, अशी उभी राहायची आणि पातेल्यात दूध ओतता ओतता वाडीतल्या अकरा घरांची खबर देऊन टाकायची. कुणाचा ताप उतरला, कुणाच्या कलमांवर तुडतुडे पडले, कुणाची मुंबईची सून आली आणि ती म्हणे चहात दूधच घालत नाही. माप घालून झालं की किटली पुन्हा तिरकी करून चार थेंब जास्तीचे. "ह्या तुझ्या वासराचा," म्हणायची. ज्या घरात पोर आहे त्या घराला ते चार थेंब ठरलेले. माझं वासरू इंजिनिअरिंगला पुण्याला गेलं तरी त्याचे चार थेंब बंद झाले नाहीत.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याच्या रस्त्याने जाताना मध्येच आत वळलं की सड्यावर, कातळाच्या माळावर, आमची वाडी आहे. हौसाकाकीचं घर वाडीच्या खालच्या अंगाला. घर एक, पण मधून भिंत घालून दोन केलेलं. अर्ध्यात ती, अर्ध्यात तिची धाकटी जाऊ गोदाकाकी. दोघींचे नवरे, म्हणजे दोघे भाऊ, दोन वर्षांच्या अंतराने गेले. अंगणही दोन, आणि मध्ये ये-जा करायला एक बेडं, आडव्या बांबूंचं. ते बांबू रात्री लावायचे आणि सकाळी काढायचे, इतकंच त्याचं काम. दिवसभर दोघींची भांडणं त्या बेड्यातून इकडून तिकडे जात आणि संध्याकाळी वाटीभर आमटीही त्याच वाटेने जाई.

हौसाकाकीला एकच मुलगा, दर्शन. तो भिवंडीला एका गोदामात सुपरवायझर आहे. आईवर जीव आहे त्याचा, ह्यात मला शंका नाही. तीन वर्षांपूर्वी गणपतीत काकीला चक्कर आली, ती गोठ्याच्या उंबऱ्यावर पडली आणि मनगट मोडलं, तेव्हापासून त्याने धोशा लावला, "आई, आता चल." तिचं उत्तर ठरलेलं, "गाय दुधात हाय. दुधातली गाय टाकून जाव काय?" त्यावर तोही एक दिवस वैतागून म्हणाला, "बरं. गाय गाभण आहे, दुधात आहे, तोवर राहा. ज्या वर्षी गाय खाली राहील त्या वर्षी मी तुझं काही ऐकणार नाही." आणि तिने चारचौघांसमोर "कबूल" म्हटलं.

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. पण तो करार तिने मनावर घेतला. गाय गाभण राहिली की हौसाकाकीला ह्या घरात आणखी एक वर्ष मिळे, असं सरळ गणित होतं. गाय माजावर आली की तिच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसणाऱ्या मुलीसारखा ताण दिसायचा.

ही गाय म्हणजे पोवळी. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा, अर्धी जर्सी. हौसाकाकीने तिला जन्मापासून वाढवलेली. मोरी नावाची गावठी गाय गोदाकाकीची. भात कापून झालं की आमच्याकडे गावठी गुरं मोकळी सोडतात, ती मिळेल ते खातात आणि संध्याकाळी आपली आपण घरी येतात. पोवळीला मात्र काकी कधी मोकळी सोडत नसे. "ती काय उनाड हाय? तिचं पाय नाजूक. पिलास्टिक खाल्लान तर? कलमवाल्यानं धोंडा मारलान तर?" पोवळी दावणीला असे. तिला बसल्या जागी पेंढा, बसल्या जागी पाणी, बसल्या जागी भुशा-पेंडीचं आंबोण.

मागच्याच्या आदल्या श्रावणात ग्रामपंचायतीच्या आवारात गुरांचं शिबिर झालं. जनावरांच्या डॉक्टर नव्या आल्या होत्या, नम्रता नावाच्या. वय जेमतेम अठ्ठावीस, मूळच्या सांगलीकडच्या. पायात गमबूट, कोपरापर्यंत हातमोजा, आणि बोलणं असं मोकळं की दहा मिनिटांत बायका त्यांच्याशी आपल्याच पोटाच्या तक्रारी बोलायला लागल्या. त्यांनी पोवळीला तिथेच, कृत्रिम रेतनाने, भरवली आणि काकीच्या हातात पावडरची एक मोठी बरणी दिली.

"मावशी, आत्ता लगेच नका देऊ. आत्ता रानात हिरवं आहे, तिला तुमच्या पावडरची गरज नाही. हिरव्यातच असतं ते जीवनसत्त्व. गवत वाळून पांढरं पडलं की त्यातलं गेलं समजा. तुमच्याकडं शिमगा ते पाऊस नुसता पेंढा, होय ना? नेमका तेव्हाच पोटात वासरू वाढतंय. तर माघ संपला की सुरू करायचं. रोज एक चमचा. आणि दूध आटलं म्हणून गायीला विसरायचं नाही. सगळे तिथंच चुकतात. आटलेल्या गायीला कोण घालतंय?"

"मी घालीन," काकी म्हणाली. "मी ईसरनारी न्हवं."

घरी येताना तिने बरणी माझ्यापुढे धरली. "वाच गो बाय, काय लिवलान."

मी वाचलं. मात्रा, कुठली कुठली जीवनसत्त्वं, आणि शेवटी, थंड व कोरड्या जागी ठेवावे.

काकी चालता चालता थांबली. पाऊस सरळ पडत होता. आमच्या दोघींच्या डोक्यावर एकच छत्री, आणि तिच्यातूनही एक धार माझ्या खांद्यावर. "थंड आनि कोरडा?" ती म्हणाली. "श्रावणात? ह्या लिवनाऱ्यान कधी कोकण बघितलान काय?"

मी हसले. खरंच होतं ते. पावसाळ्यात आमच्याकडे मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. जे थंड ते ओलं, आणि जे कोरडं ते एकाच ठिकाणी.

"वाया जाता कामा नये काकी, कोरडं राहिलं पाहिजे," मी म्हटलं. "पावडर आहे. गोळा झाली की संपलं."

हे मी म्हटलं. बी. एस्सी. पास झालेल्या बाईने म्हटलं. त्या दिवशी ते मला अगदी शहाणपणाचं वाटलं होतं.

काकीने ती बरणी जिथे तिच्या घरातल्या सगळ्या मोलाच्या वस्तू पावसाळ्यात असत तिथे ठेवली. चुलीच्या वर वाशाला एक शिंकाळं टांगलेलं होतं. त्यात मीठ, सुकट, आमसुलं, दुधीच्या आणि पडवळाच्या बिया, एका पिशवीत घराचे कागद. खालून तीन वेळा चूल पेटायची आणि त्या शिंकाळ्यातली प्रत्येक वस्तू कडकडीत राहायची. तिच्या सासूनेही तिथेच ठेवलं, सासूच्या सासूनेही. बरणीला तिने वरून एक जुना सुती परकर गुंडाळला, काजळी बसू नये म्हणून. श्रावणापासून माघापर्यंत ती तिथे होती.

माघ संपला. त्या वर्षी सड्याला वणवा लागला आणि जे काही सुकं गवत उभं होतं तेही गेलं. पेंढ्याच्या उडवीचा वरचा थर उन्हाने पांढरा पडला होता. पोवळीचं दूध आटलं, आणि काकीने शब्द पाळला. मी स्वतः कितीदा पाहिलंय. आंबोणाच्या घमेल्यात चमचा सपाट करून पावडर घालायची, हाताने मळायची, घमेलं पोवळीच्या तोंडाशी धरून उभी राहायची. शेवटचा घास संपेपर्यंत हलायची नाही. एक दिवस चुकला नाही. एकदा तिला स्वतःला ताप होता, तर काठी टेकत गेली.

त्याच दिवसांत एका सकाळी मी त्यांच्या अंगणात होते. गोदाकाकी बेड्यावर हात टेकून उभी.

"थोरले, सोड गो तिला वायच मोरीसंगती. खाली पऱ्याच्या पान्याला अजून हिरवा हाय. मोरी बघ, कशी तुकतुकीत दिसत्येय."

"तुझी मोरी फिरस्ती. माझ्या गायीला औषद चालू हाय डाक्टरचा."

"औषद खाऊन गवत चुकता काय?" गोदाकाकी हसली, आणि मग पोवळीच्या पोटाकडे पाहत म्हणाली, "प्वाट पन केवढा सुटलाय गो हिचा! जुळा हाय काय?"

हौसाकाकीने पदराची एक बाजू पटकन पोवळीच्या पोटावर टाकली. आणि मी पाहिलं, तिने तोंडातल्या तोंडात थुंकल्यासारखं केलं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठच्या सुमाराला पोवळी व्याली. मी पोचले तेव्हा पाडी उभी राहिली होती. तांबूस, कपाळावर तोच टिळा, फार देखणी. काकीच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "पाडी झाली गो! पाडी!" पाडीने दोन पावलं टाकली आणि सरळ गोठ्याच्या खांबावर डोकं आपटलं. आम्ही हसलो. नवीन आहे, म्हटलं. ती मागे सरली, पुन्हा चालली आणि पुन्हा त्याच खांबावर आपटली.

काकीचं हसणं आधी थांबलं. तिने पाडीच्या तोंडासमोर हात नेला, पंजा उघडला, मिटला. मग दाराशी जाऊन, जिथे उन्हाची तिरीप येत होती तिथे पाडीला नेऊन, पुन्हा हात हलवला. पाडीचे डोळे मोठे, काळेभोर, टक्क उघडे होते. पापणी लवली नाही.

"बाय," काकी मला म्हणाली, "हिला दिसत नाय."

व्याल्यावर पडायला हवा तो पोवळीचा जारही पडला नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली, तो तसाच लोंबत राहिला. डॉक्टर दुसऱ्या एका गावात अडकल्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशी आल्या. तोवर आतून वास यायला लागला होता. तासभर त्या कोपरापर्यंत हात घालून उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, "औषधं सोडलीत. ताप उतरेल. पण मावशी, पिशवीला सूज आहे. पुढचं लवकर धरेल असं वाटत नाही." पाडीच्या डोळ्यांत त्यांनी बॅटरी मारून पाहिली आणि बॅटरी खिशात ठेवली. त्यांना दोन गावं पुढे जायचं होतं. तशाच ओल्या हातांनी त्या स्कूटरवर बसून गेल्या.

त्या जाताच हौसाकाकी बेड्याशी गेली. मी तिला तशी कधी पाहिलेली नव्हती.

"गोदे! भायेर ये! जुळा हाय काय म्हनालीस ना? ये, बघ ये तुझा जुळा!"

गोदाकाकी हातातलं तांदळाचं सूप घेऊन बाहेर आली. "काय झाला गो?"

"काय झाला इचारत्येय! माझ्या गाभनीच्या पोटावर डोळा ठेवलास. त्या पोरीचं डोळं तू खाल्लंस. तुझी मोरी रानात हिंडून याली, तिचा पाडा उड्या मारतोय, आनि माझी घरात बसून… मी घास घास भरवलाय तिला! घास घास!"

"थोरले, देवाशपथ सांगत्येय, मी आपली कवतिकान…"

"तुझा कवतिक चुलीत घाल!"

त्या दिवशी बेड्याचे बांबू लागले ते लागलेच. वरून तिने करवंदीच्या काट्यांच्या फांद्या आणून टाकल्या. दरवर्षी पहिला खरवस बेड्यातून पलीकडे जायचा, त्या वर्षी गेला नाही. वाडीतल्या बायकाही हळूहळू गोदाकाकीला टाळू लागल्या. कुणी उघड काही म्हणत नसे. पण डोहाळजेवणाला तिला आमंत्रण गेलं नाही, आणि नवी गाय आणलेल्या एका घरात ती ओसरीवर आली तसा गोठ्याचा दरवाजा कुणीतरी आतून लोटून घेतला. तिने ते पाहिलं आणि पाणी न पिताच परत फिरली.

पावसाळ्यात पोवळीला पुन्हा भरवली, ती उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. परत भरवली, परत उलटली. दर एकवीस दिवसांनी काकी पहाटेपासून गोठ्यात नजर लावून बसायची आणि गाय हंबरली की तिचा चेहरा उतरायचा. दूध अकरा घरांवरून चार घरांवर आलं. पाणी तिने घातलं नाही, घरंच कमी केली. माझं घर चारांत ठेवलं. किटली तिरकी करून ती थांबायची, तळाशी पाहायची आणि मग तरीही ते चार थेंब ओतायची.

आंधळी पाडी मात्र वाढत होती. तिचं नाव ठेवलं नव्हतं. काकी तिला नुसतं "हा, हा, हा" करत बोलवायची आणि पाडी कान त्या दिशेने लावून, एकेक पाऊल चाचपत, नेमकी काकीच्या मांडीशी येऊन थांबायची. दुसऱ्या कुणाच्या हाकेला हलायची नाही.

गणपतीत दर्शन आला. आरती झाल्यावर तो ओसरीवर मलाच म्हणाला, "वहिनी, मी वाईट दिसतो मला माहितीये. पण आई सदुसष्टची आहे. हात मोडलेला. ती काय सुखाने राबतेय का सांगा." आतून काकी म्हणाली, "तिसऱ्यांदा भरवलेय. दिवाळीपातूर थांब." तो म्हणाला, "थांबतो. पण मग कबूल म्हणजे कबूल."

त्यानंतर एकवीस दिवस गेले आणि पोवळी हंबरली नाही. बेचाळीस गेले. काकीच्या चालण्यात पुन्हा पहिल्यासारखा झपाटा आला. ती मला काही सांगायची नाही, पण तोंडाने सांगायची गरजही नव्हती. एक दिवस किटली ओतताना म्हणाली, "औंदाच्या पडवळाच्या बिया तुला देन हां. पुढच्या पावसाला."

दिवाळी झाली आणि डॉक्टर तपासायला आल्या. काकीने मला मुद्दाम बोलावलं होतं. गोठ्यात पोवळी, काकी, मी. डॉक्टरांनी हात घातला, डोळे मिटले. खूप वेळ लागला. पलीकडे काट्यांच्या मागे गोदाकाकी झाडू घेऊन उभी होती आणि झाडत नव्हती.

"मावशी," डॉक्टर हात धूत म्हणाल्या, "खाली आहे."

"पन हंबरली नाय ती."

"मुका माज असेल. किंवा माजच येत नसेल आता. आत सगळं चिकटलंय. मी खोटं सांगणार नाही, आता धरायची नाही ही."

काकीने पोवळीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. मग काहीतरी बोलायलाच हवं म्हणून बोलल्यासारखी म्हणाली, "औषदाला मी कमी केला नाय हां. तुमी म्हनालात तसा रोज दिला. बघा, अजून उरलाय त्यात." आणि डॉक्टरांना ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेली. चुलीवर भात रटरटत होता. तिने स्टुलावर चढून शिंकाळ्यातली परकरात गुंडाळलेली बरणी काढली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. "येक कन भिजू दिला नाय. सगळा पावसाळा काढलान हिनं. बघा कशी सुटी हाय."

डॉक्टरांनी बरणी दोन्ही हातांत धरली. मग एक हात काढून घेतला आणि पुन्हा लावला, भांडं किती तापलंय ते बघावं तसा. वर शिंकाळ्याकडे पाहिलं. खाली चुलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"छान ठेवलीय मावशी," त्या म्हणाल्या.

स्कूटरपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. हेल्मेट हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. "ऊब लागली की टिकत नाही हो ते जीवनसत्त्व. आणि हिनं सहा महिने शेगडीवर ठेवलीय. त्यात काय राहिलं असणार? नुसता भुगा चारला तिनं, रोज, इतक्या निगुतीनं. नुसतं त्यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण पाडी आंधळी, जार अडकला, गाय धरेना… ही सगळी ते कमी पडल्याची लक्षणं आहेत. हिरवं पोटात गेलं असतं तरी चाललं असतं. ती शेजारची गावठी गाय बघा ना." मग म्हणाल्या, "आमच्याकडं एवढी ओल नसते. मला सुचलंच नाही सांगायचं, कुठं ठेवा ते. आता सांगून काय उपयोग? म्हातारीला आणखी त्रास कशाला?"

मलाही तेच वाटलं. घर जाणारच होतं तिचं. वर हे कशाला? मी घरी आले, भाजी चिरायला घेतली. पण गोदाकाकीचं ते झाडू घेऊन उभं राहणं डोळ्यांपुढून जाईना. सहा महिने एक बाई आपल्याच वाडीत नजर लावणारी म्हणून जगत होती. आणि तिने सांगितलं होतं ते एवढंच, गाय हिरव्यात सोड.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. काकी चुलीपुढे बसली होती. मी सांगितलं. फिरवून सांगायचा विचार होता, पण जमलं नाही. शेवटी म्हटलं, "आणि काकी, कोरडं राहिलं पाहिजे असं मीच म्हटलं होतं. थंडचं मी सोडून दिलं."

तिने मान वर करून शिंकाळ्याकडे पाहिलं.

"म्हंजे माझ्याच हातान," ती म्हणाली.

"काकी, डॉक्टरसुद्धा खात्रीने…"

"रोज तीन येळा पेटवली मी. तिच्याखाली." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, जणू आत्ता काही वाचणार होतं. "तू वाचलास गो. ठेवली मी. वरती नेऊन ठेवली." मग एकदम, "गोदीला म्हायती हाय?"

"नाही."

ती उठली. बाहेर गेली आणि करवंदीच्या फांद्या हातानेच ओढायला लागली. मी कोयता आणते म्हटलं, ती थांबली नाही. बांबू काढताना तिच्या मनगटातून रक्त येत होतं.

"गोदे," तिने हाक मारली. "ये गो."

गोदाकाकी दारात आली. पुढे आली नाही. हौसाकाकीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बरणी, चूल, ऊब, सगळं. आणि शेवटी, "तुझा कायपन नव्हता. मी बोल लावला तुला."

गोदाकाकी ऐकत होती. तिचा चेहरा निवळला नाही. "सा म्हयने, थोरले," ती म्हणाली. "सा म्हयने मना कोनी गाभनीसमोर उभी केली नाय. माझ्या सख्ख्या भाचीन पोर लपवलान माझ्यापासून. आता तू बेडा उघडलास. त्या बायांची दारा कोन उघडनार?"

दोघी तशाच उभ्या राहिल्या, मध्ये उघडं बेडं. मग गोदाकाकी म्हणाली, "हात बघ तुझा. रगात येतंय. हळद लाव."

त्या आठवड्यात हौसाकाकी अकरांपैकी दहा घरी गेली. किटली नव्हती, नुसतीच गेली. प्रत्येक दारात सांगितलं, माझ्या हातून झालं, गोदीवर बोल लावला तो खोटा. माझ्या दारी आली नाही, मला माहीतच होतं. किती जणींनी मानलं, देव जाणे. एका घरी तिला म्हणे चहा देऊन सांगितलं, "असूदे गो, आता जाताना कशाला वाईटपना घेत्येस?" म्हणजे गोदाकाकीवरचा बोल त्यांनी तसाच ठेवला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दर्शन आला. खाली राहिलेल्या गायीला कोण विकत घेणार? लोक हायवेवर सोडून येतात, ते काकीने ऐकूनही घेतलं नाही. शेवटी दर्शनने घाटावरच्या एका गोशाळेशी बोलून टेम्पो आणला. पोवळी फळीवरून चढेना. काकीने तिला घमेलं दाखवलं. आंबोणाचं ते रिकामं घमेलं. आणि ती चढली. टेम्पो वळणापलीकडे गेला तरी काकी घमेलं धरून उभी होती.

पाडी गोदाकाकीने ठेवून घेतली. हौसाकाकी निघाली त्या सकाळी पाडी अंगणात होती. काकीने तिला हाक मारली नाही. रिक्षात बसेपर्यंत तोंडावर पदर धरला होता, आवाज जाऊ नये म्हणून. पाडी कान इकडून तिकडे फिरवत राहिली आणि मग गोदाकाकीच्या पेंढ्याकडे वळली.

जाण्याच्या आदल्या दिवशी काकी माझ्याकडे एक नवी बरणी घेऊन आली होती. डॉक्टरांकडूनच आणलेली. "तुझ्याकडं फ्रीज हाय," म्हणाली. "थंड पन, कोरडा पन. गोदी रोज चमचाभर नेईल पाडीसाठी. दिसायचा तिला आता कधीच नाय, डाक्टर म्हनाली. पन गाभन र्‍हायल, म्हनाली. दोन-अडीच वर्सांनी." मग जरा थांबून, "दर्शनाला मी काय बोलले नाय अजून. तूपन बोलू नको."

अडीच वर्षांनी ती सत्तरीला आलेली असेल.

बरणी आमच्या फ्रीजमध्ये आहे, दाराच्या खालच्या कप्प्यात, दह्याच्या शेजारी. गोदाकाकी सकाळी वाटी घेऊन येते, मागच्या दारी उभी राहते. आत ये म्हटलं तरी येत नाही. चमचाभर पावडर वाटीत घेते आणि वर तळहात झाकून, जपून, खाली उतरते. पऱ्यावरून आणलेला हिरवा पाला घालते ती पाडीला, ते मला दिसतं. त्याबद्दल ती बोलत नाही.

भिवंडीहून रविवारी फोन येतो. हौसाकाकी माझी, मुलाची, कुणाचीच खुशाली आधी विचारत नाही. पोवळीचं तर नावही काढत नाही. मागे टीव्ही चालू असतो, कुकरची शिट्टी होते, आणि ती मोठ्याने विचारते, "बाय, बरनी थंड हाय ना?"

मी फोन कानाला धरूनच फ्रीज उघडते, बरणीला हात लावते आणि मगच सांगते.